सगळे बाहेर

३ मार्च

आलो एकदाचा. बस सुटताना ताईनं ही वही खिडकीतून आत कोंबली आणि बजावलं, रोज नाही तर निदान आठवड्याला एक पान लिही, नाहीतर नव्या गावात एकटाच बडबडायला लागशील. मी म्हटलं, ते तर मी जुन्या गावातही करत होतो, कुणाचं काय बिघडलं? ती हसली नाही. थोरल्या बहिणी निरोपाच्या वेळी हसत नाहीत, नंतर फोनवर हसतात.

दुकान झकास आहे. चष्म्यांचं दुकान म्हणजे अंधारी बोळ, असाच माझा आजवरचा अनुभव. इथे दोन्ही बाजूंनी उजेड. काचा घासायचं मशीन, नंबर तपासायची खुर्ची, भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, सगळं जुन्या मालकांनी धुऊनपुसून ठेवलेलं. वर माझी खोली. खोलीची एकुलती एक खिडकी समोरच्या बेकरीवर उघडते, म्हणजे उठल्यापासून ताज्या पावाचा वास. माझं पोट सुटणार, हे आजच लिहून ठेवतो.

संध्याकाळी बेकरीवाला स्वतःच गरम पाव घेऊन आला. चाळिशी उलटलेला, अंगानं आडवा, भुवयांत पीठ. म्हणाला, पहिला पाव फुकट, दुसऱ्यापासून ओळख दाखवायची नाही. मग माझं कार्ड हात लांब करून वाचलं. मी म्हटलं, साहेब, दोन वर्षांनी हात पुरायचा नाही, एकदा नंबर काढून घ्या. तो म्हणाला, बायकोही हेच म्हणते, आता दोघं मिळून मागे लागा.

१० मार्च

आज दुपारी भोंगा झाला. मी एका आजोबांच्या डोळ्यात बॅटरी मारत होतो. समोरून बेकरीवाला पिठाच्या हातांनी सुसाट पळत गेला. त्याच्यामागे कोपऱ्यावरचा प्लंबर. शाळेकडून खेळाच्या बाई, गळ्यातली शिट्टी तशीच हेलकावत. मला वाटलं गावाला वेड लागलं. मग मीही पळालो, कारण लोक पळत असताना मला उभं राहता येत नाही. आजोबा खुर्चीतच राहिले, त्यांची माफी उद्या मागायची आहे.

भानगड अशी की इथे पगारी अग्निशमन दल नाही. एक बंब, एक बंबखाना आणि अकरा स्वयंसेवक. भोंगा झाला की हातातलं टाकायचं आणि धावायचं. त्यांचे प्रमुख म्हणजे काका, निवृत्त बस ड्रायव्हर. बंब चालवतानाही ते वरच्या आरशात बघून माणसं मोजतात. आज सुताराच्या वखारीमागे भुशाचा ढीग पेटला होता, वीस मिनिटांत विझला. परत येताना बेकरीवाल्यानं काकांना सांगितलं की हा बाबा उगाचच पळत आला, म्हणजे आपल्यातलाच आहे, घ्या याला. काकांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, दम लागतो का? मी म्हटलं, आत्ता बोलवतसुद्धा नाही. झालं, कोट मिळाला.

पायाला भिंगरी असलेल्या माणसाला यापेक्षा चांगला छंद कुठला मिळणार?

२९ मार्च

बंबखान्यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दारावरची फळी. हातभर लाकूड, त्याला बारा हुक. प्रत्येकाला नंबर घातलेला एक पितळी बिल्ला. आगीत शिरताना आपला बिल्ला फळीवर अडकवायचा, बाहेर आलं की आपल्या हातानं काढून घ्यायचा. आगीच्या वेळी एक जण ही फळी घेऊन दारावर उभा राहतो आणि दुसरं काहीही करत नाही. मास्क चढवला की सगळे सारखेच दिसतात, तेव्हा माणसं मोजू नका, बिल्ले मोजा, असं काकांचं सांगणं. फळी रिकामी म्हणजे आत कोणी नाही. मग काका विचारतात, सगळे बाहेर? दारावरचा ओरडतो, सगळे बाहेर! ते ऐकल्याशिवाय काका जागचे हलत नाहीत.

मला अजून आत सोडत नाहीत, दारावर उभं करतात. चष्मेवाला म्हणून नावही पडलंय, भिंग. माझा बिल्ला नऊ नंबरचा.

चार नंबर बेकरीवाल्याचा, पाच प्लंबरचा. ही जोडगोळी. आत जाताना बरोबर, बाहेर येताना बरोबर, आणि जो आधी येईल तो एकाच हातानं दोन्ही बिल्ले ओढून घेतो, दुसऱ्याचा त्याच्याकडे फेकतो. आज धूर भरलेल्या खोलीतल्या सरावात काकांनी ते पाहिलं आणि दोघांना फैलावर घेतलं. आपापला बिल्ला, आपापला हात. दोघांनी शाळकरी पोरांसारख्या माना खाली घातल्या. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. मीच दोन्ही बिल्ले काढून प्लंबरच्या हातावर ठेवले. काकांची पाठ होती, आणि वेळही वाचला.

१८ एप्रिल

बेकरीवाल्याचा नंबर निघाला, मुहूर्त लागला एकदाचा. बरोबर वहिनी आल्या होत्या. फ्रेम त्यांनीच निवडली, काळी, जाड. म्हणाल्या, आता निदान काय करपतंय ते तरी ह्यांना दिसेल.

हल्ली माझं दुपारचं जेवण बेकरीच्या मागच्या खोलीतच होतं. तिथे त्या दोघांचं एक रोजचं भांडण ऐकायला मिळतं. तो चार वाजता भट्टीवरून येतो, उभ्यानं दोन घोट पाणी पितो आणि अर्धा पेला तसाच ठेवून जातो. वहिनी म्हणतात, पंधरा वर्षं अर्धे पेले विसळतेय. तो म्हणतो, उरलेलं तुझ्यासाठी. त्यांच्यात बसलं की मला घरी आल्यासारखं वाटतं. ताईला फोनवर सांगितलं, मित्र मिळाला. ती म्हणाली, जपून वापर.

चष्मा तीन मेला देणार.

४ मे

परवा दुपारी गाद्यांचा कारखाना जळाला. सात कामगार गेले. आणि बेकरीवाला.

लिहायला बसतो आणि उठतो. तीनदा हात धुतले, वास जात नाही. मुख्य रस्त्यावर एकही दुकान उघडलेलं नाही. प्रत्येक गल्लीत एका तरी दारात माणसं उभी आहेत.

इथे तरी खरं लिहितो. दुसरीकडे कुठे लिहिणार?

फोमचा धूर, डांबरासारखा काळा. मागचं दार गाद्यांच्या थप्प्यांनी अडलेलं. मी पुढच्या दारावर, फळी घेऊन. चार आणि पाच आत गेले. दोन कामगारांना ओढून बाहेर आणलं, पुन्हा आत गेले. मग धुरातून एकटा प्लंबर आला, गुडघ्यांवर. मास्क तिरका झालेला, खोकत होता, हात पुढे केलेला. आणि मी दोन्ही बिल्ले काढून त्याच्या हातावर ठेवले.

विचार केला नाही. हाताला सवय होती, हातानं केलं.

त्याची मूठ मिटली, ती कोटाच्या खिशात गेली, आणि तो तिथेच कोसळला. त्याला उचलून नेलं. काका बंबाजवळून ओरडले, सगळे बाहेर? मी फळीकडे पाहिलं. फळी रिकामी होती. मी ओरडलो, सगळे बाहेर!

काकांनी पाइप शेजारच्या गोदामाकडे वळवले. दहा मिनिटांनी छप्पर खाली आलं. त्यानंतर कुणीतरी विचारलं, बेकरीवाला कुठाय?

तो दारापासून बारा पावलांवर सापडला.

५ मे

इस्पितळात प्लंबरचा कोट कापून काढला होता. तो पिशवीत घालून बंबखान्यात आला. पिशवी मी उघडली. खिशात दोन बिल्ले होते. चार नंबर मी काढून घेतला आणि भिंतीवर, एरवी बिल्ले ठेवायच्या खुंट्यांवर, त्याच्या जागी नेऊन लटकवला. कुणीही पाहिलं नाही.

संध्याकाळी काकांनी तो पाहिला. खुर्चीत बसले. मग म्हणाले, म्हणजे तो बाहेर आला होता, बिल्ला घेतला, इथे कुणाकडे तरी दिला, आणि पुन्हा आत गेला. मला विचारलं, तू पाहिलंस ना? मी मान डोलावली. मानेचंही हातासारखंच झालं.

आता गावभर हेच झालंय. बाहेर आला होता, परत गेला.

१३ मे

अंत्यविधी, सभा, पुन्हा अंत्यविधी. आमचा कोट घालून रांगेत उभं राहायचं, लोक येऊन हात हातात घेतात. कारखान्यात गेलेल्या एका मुलीची आई माझ्या हातावर कपाळ टेकून रडली. मला तिथून धावत सुटावंसं वाटत होतं. काकांनी खांद्यावर हात ठेवला म्हणून राहिलो.

प्लंबर शुद्धीवर आलाय, त्या दुपारचं त्याला काहीच आठवत नाही. एकच प्रश्न विचारतो, मी त्याला सोडून आलो का? काका त्याला सांगतात, नाही रे, तोही तुझ्याबरोबरच बाहेर आला होता. मग तो झोपतो.

म्हणजे माझ्या खोट्यावर एक माणूस झोपतोय. असं स्वतःला सांगून मी झोपायला बघतो.

१९ मे

वहिनी दुकानात आल्या. तयार चष्मा खणात पडून आहे, तो न्यायला आल्या असतील असं वाटलं. चष्म्याचं नावही काढलं नाही. तपासणीच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की मला त्यांचा राग येतो, भावजी. एकदा जीव वाचवून बाहेर आला होता ना हा माणूस? घरी मी होते. मग परत आत कशाला गेले? माझ्यापेक्षा आत काय होतं? लोक शूर शूर म्हणतात आणि मला त्यांच्या तोंडावर दार आपटावंसं वाटतं.

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण त्या रडत होत्या आणि मला ते पाहवेना, म्हणून मी भलतंच बोलायला लागलो. म्हटलं, वहिनी, तो बाहेर येऊन पायरीवर बसला होता. मास्क काढला. मी पाणी दिलं. दोन घोट प्यायला आणि पेला माझ्या हातात परत दिला.

अर्धा? त्यांनी विचारलं.

अर्धा, मी म्हटलं. आणि म्हणाला, घरी सांग चार वाजता येतो. मग आतून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, म्हणून गेला.

त्या हसल्या. तोंड ओढणीत लपवून हसल्या आणि रडल्या. म्हणाल्या, हेच, हेच ते. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

मी शटर ओढून आत बसलो. माझ्यासारखा नीच माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी रोज शंभर चेहरे बघतो.

२६ मे

आज पहिला सराव, त्या दिवसानंतरचा. भर सकाळी, धुराच्या खोलीत. मी दारावर. चार जण आत गेले, चार बिल्ले अडकवले. खेळाच्या बाई, तुकडीतला न्हावी आणि दोघे सख्खे भाऊ.

बाहेर पाच आले.

मास्क लावलेले, कोट घातलेले, एकामागून एक. पाचवा शेवटी आला आणि त्यानं फळीकडे हात केला नाही. बाजूला जाऊन पायरीवर बसला. मी बिल्ले मोजायला खाली पाहिलं, वर पाहिलं तर चौघं मास्क काढत होती. पायरीवर कोणी नव्हतं.

काकांनी विचारलं, सगळे बाहेर? मी पायरीकडेच पाहत होतो. बाईंनीच उत्तर दिलं.

धूर होता. आपला नंबर वाढला असेल. उद्या स्वतःच्याच खुर्चीत बसून तपासतो.

२७ मे

नंबर वाढलेला नाही.

२ जून

बंबखान्यातल्या टेबलावर पेला होता. अर्धा. कडेला काळा ओठ उमटलेला. मी सगळ्यांना विचारलं, तुमचा का, तुमचा का, इतकं की न्हावी म्हणाला, भिंग, जरा बस, पाणी पी. काय बोलला ते लक्षात आल्यावर तोच उठून बाहेर गेला.

पेला मी विसळला. काळं माझ्या बोटांना लागलं ते अजून आहे.

८ जून

माझी गोष्ट गावभर फिरतेय. पायरी, पाणी, चार वाजता येतो. वहिनींनी काकांना सांगितली, काकांनी सभेत सांगितली. आता लोक मलाच ऐकवतात, आणि प्रत्येकजण थोडी भर घालतो. एकानं त्याला कपाळ पुसायला लावलं. एकीनं त्याला आभाळाकडे बघायला लावलं. कारखान्याच्या जागेवर शिळा बसवणार, तिच्यावर हे शब्द कोरणार.

दर खेपेला तो आणखी बाहेर येतो. मला तो आता नीट आठवतो, पायरीवर बसलेला. खरा प्रसंग आठवायला मात्र डोळे मिटावे लागतात.

प्लंबर घरी आलाय. माझ्या गळ्यात पडला. म्हणाला, तू पाहिलंस म्हणून मी जगतोय.

१५ जून

बेकरी उघडली म्हणून पाव आणायला गेलो. वहिनींचा आवाज बसलाय. चेहरा मात्र उजळलेला. मला मागच्या खोलीत नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, जशी एखादी आनंदाची बातमी सांगावी तशी. चार वाजता येतात. रोज. मागचं दार मी उघडंच ठेवते. बोलत नाहीत, उभ्यानं पाणी पितात, अर्धा पेला ठेवतात. तुमचं खरं होतं, भावजी.

मग खोकल्या. रुमाल तोंडाला लावला. रुमाल काळा झाला.

मी म्हटलं, दार लावून घ्या. त्या म्हणाल्या, वेडे आहात का, आता तर ते थोडे थांबायलाही लागलेत.

१६ जून

खणात त्याचा चष्मा. दोन्ही काचांवर काळे अंगठे. पुसले. दुपारी परत.

ताईचा फोन आला. म्हणाली, आवाज का बसलाय तुझा? मी म्हटलं, धूळ. ती म्हणाली, निघून ये. निघून जाता येतं, हे मला सुचलंच नव्हतं. पण मग चार वाजता त्या घरात तो आणि वहिनी, दोघंच.

१८ जून

खिडकीतून पाहत बसलो. चारला पाच कमी. बेकरीच्या बाजूच्या बोळात कोट घातलेला माणूस. मास्क लावलेला. मागच्या दारानं आत गेला. चालण्यावरून माणूस ओळखता येतो. बेकरीवाला डुलत चालायचा.

हा तसा चालत नव्हता. हा माझ्यासारखा चालत होता, भराभर, पाय कुठे ठेवावा ते न कळून.

मी घडवला ना. मग माझ्याच वळणावर जाणार.

२० जून

वहिनी उठल्या नाहीत. बेकरी बंद. डॉक्टर म्हणाले छातीत धूर आहे, कुठून आला कळत नाही. आगीपासून त्या मैलभर लांब होत्या.

उद्या सांगतो. काहीही होवो. बंबखान्यातून नाव काढोत, गावातून काढोत. उद्या.

२१ जून

सांगितलं.

पलंगाशी बसून सगळं सांगितलं, दोन बिल्ले, प्लंबरचा हात, रिकामी फळी, खिसा. तो बाहेर आला नव्हता. पायरीवर बसला नाही. पाणी मागितलं नाही. तुम्हाला सोडून परत गेला नाही, वहिनी, त्याला कुणी बाहेर यायची संधीच दिली नाही. मी ओरडलो, सगळे बाहेर, आणि तो आत ऐकत असेल.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांना शिव्या द्यायला दम नव्हता, नाहीतर दिल्या असत्या, आणि मला त्या हव्या होत्या. मग खरखरत्या आवाजात म्हणाल्या, म्हणजे ते शेवटपर्यंत माझ्याकडेच यायला निघाले होते. आणि डोळ्यांतून पाणी आलं, काळं नव्हतं.

मग त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. माझं मनगट धरलं. विचारलं, ते बाहेर आलेच नसतील, तर मग रोज येतो तो कोण?

मी उठून मागचं दार लावलं. कडी घातली, टेबल लावलं. चार वाजता दारावर टकटक झाली. हळू. ओळखीच्या माणसाची. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. दाराखालून धूर येत राहिला, साडेचारपर्यंत.

गेल्यावर वहिनी म्हणाल्या, तुम्ही आणलात. तुम्हीच परत नेऊन सोडा.

२२ जून, सकाळी

आज कारखान्याच्या भिंती पाडणार आहेत. मशीन उभं आहे. पाडायच्या आधी आमच्या तुकडीनं आत फेरी मारायची, कुणी मुलंबिलं शिरलेली नाहीत ना ते बघायला. राखेमुळे सगळ्यांना मास्क. बाई दारावर, फळी घेऊन.

ठरवलं ते असं. बिल्ला घेतल्यामुळे तो बाहेर आहे, तर बिल्ला लावल्यावर तो आत. चार आणि नऊ शेजारी शेजारी अडकवायचे, जोडीनं आत जायचं. बाहेर येताना मी फक्त माझा घ्यायचा. माझ्या हातानं. चार तिथेच राहील. मग काकांच्या हातात ही वही देणार. सगळी.

तसे मी अडकवले दोन्ही. बाईंनी चार नंबर पाहिला, त्यांना वाटलं आठवण म्हणून. डोळे पुसले.

आत आलो. मागे पावलं होती, माझ्या पावलांवर पावलं. मी वळलो नाही. दारापासून बारा पावलं, तो सापडला ती जागा. इथे बसून लिहितोय, मास्क काढून, म्हणजे जे खरं ते त्याच्या जागेवर लिहिलं जावं. मित्रा, तू बाहेर आला नव्हतास. मी तुला मोजलं नाही. माझं चुकलं.

मागची पावलं थांबली आहेत. बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी हात स्थिर आहे. निघतो.

—

बारा पावलं मोजली. दार नाही. भिंत आहे.

राख उडतेय. चौदा. वीस. भिंतच.

बाहेरचं ऐकू येतंय सगळं. काकांचा खोकला. बाकीचे आले, बिल्ले काढले. टिक, टिक, हुकावरून. मी हाक मारली. घशातून नुसता धूर —

कोणीतरी बाहेर गेलं आत्ता. माझ्या शेजारून. भराभर.

बाई म्हणतायत, आलात का भिंग, दोन्ही घ्या —

दोन टिक. एकदम. एकाच हातानं.

आता माझा आवाज. बाहेर. माझाच. पाणी मागतोय. बाई विचारतायत बस एवढंच, अर्धा पेला —

वही फेकायला खिडकी — इथे खिडकी होती —

काका विचारतायत. सगळे बाहेर?

बाई, नका. बाई फळी बघू नका, माणसं मोजा, माणसं —

सगळे बाहेर!

मशीन सुरू झालं. काका चुकत नाहीत. फळी रिकामी आहे. फळी रिकामी म्हणजे आत कोणी ना